गणेश मंडळांनो, यंदा रोपांवर पैसे घालवू नका

प्रति,
नाशिक शहरातील सर्व सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांचे अध्यक्ष, खजिनदार आणि प्रत्यक्ष खड्डे खणणारे कार्यकर्ते

सप्रेम नमस्कार.

रंगपंचमी झाली, रहाडी (रंग खेळायचे जमिनीतले जुने हौद) पुन्हा बुजवल्या गेल्या. आता वर्गणीची पावतीपुस्तकं छापायला टाकेपर्यंत मंडळाच्या बैठका थंडावतील. नेमक्या या रिकाम्या महिन्यांसाठीच हे पत्र लिहितो आहे. जुलैत तुम्ही झाडं लावणार आहात हे मला ठाऊक आहे, दरवर्षी लावता. आणि दरवर्षी जूनच्या शेवटच्या आठवड्यात दोन कार्यकर्ते टेम्पो घेऊन एखाद्या खासगी नर्सरीत जातात, जे उंच आणि हिरवंगार दिसेल ते भरून आणतात, खजिनदार कुरकुरत बिल चुकवतो. बॅनर लागतो, फोटो निघतात. मार्च येईपर्यंत त्यातली निम्मी रोपं कुठे गेली हे विचारायला कुणी जात नाही.

माझं सांगणं एवढंच आहे की रोप विकत घेण्यात वर्गणी घालू नका. रोपं फुकट किंवा अगदी किरकोळ दरात मिळतात. फक्त जुलैत धावत सुटणाऱ्याला मिळत नाहीत, मार्च-एप्रिलमध्ये अर्ज हातात घेऊन जाणाऱ्याला मिळतात. वाचलेली रक्कम पुढच्या दोन-तीन उन्हाळ्यांच्या पाण्याला आणि कुंपणाला ठेवा. झाड लावण्यात खरा खर्च तिथे आहे. रोपाची किंमत त्यात सगळ्यात कमी असते, पण पावती तेवढ्याचीच फाटते.

आधी सरकारी दार. वन विभागाच्या आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिका जिल्ह्यात आहेत. पावसाळ्यात वनमहोत्सवाच्या काळात तिथून सवलतीच्या दराने रोपं मिळतात, आणि शाळा, संस्था, मंडळं यांना अभियानाच्या निमित्ताने मोफतही दिली जातात. दर पिशवीच्या आकारावर आणि रोपाच्या वयावर ठरतो. लहान पिशवीतलं वर्षाचं रोप स्वस्त, मोठ्या पिशवीतलं दीड-दोन वर्षांचं महाग. तिथे 'झाडं हवीत' एवढंच म्हणत गेलात तर समोरचा माणूस जे शिल्लक आहे तेच देणार, त्यात त्याची काय चूक? मंडळाच्या लेटरहेडवर लिहून द्या : जागा कुठली, जागेच्या मालकाची परवानगी आहे का, किती खड्डे, कोणत्या जाती, पाणी कोण घालणार. एवढं लिहिलेला अर्ज त्या टेबलावर फार कमी येतो. म्हणूनच तो लक्षात राहतो. आणि मार्चमध्ये दिलात तर तुमच्या जातींची रोपं बाजूला काढून ठेवण्याइतका वेळ त्यांच्या हातात असतो.

दुसरं दार महापालिकेचं. आपल्या राज्यात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ सालचा कायदा आहे, झाडांचं संरक्षण आणि जतन करणारा. झाड तोडायची परवानगी लागते ती याच कायद्याने, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण त्यातच वृक्ष प्राधिकरणाची कर्तव्यंही लिहिली आहेत. दर पाच वर्षांनी वृक्षगणना करणं हे एक. रोपवाटिका उभारणं, चालवणं आणि ज्यांना झाडं लावणं भाग आहे त्यांना बी, रोपं आणि झाडं पुरवणं हे दुसरं. झाडं लावणाऱ्या आणि जपणाऱ्या खासगी-सार्वजनिक संस्थांना मदत करणं हेही त्यात आहे. म्हणजे उद्यान विभागाकडे रोपं मागणं हे उपकार मागणं नव्हे. नगरसेवकाला मध्ये घालायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. माझ्या मते साधा अर्ज, त्यावर आवक क्रमांक आणि पंधरा दिवसांनी एक फेरी, एवढं पुरतं.

याच कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली आणि तिच्यातून एक आडवाट निघते. आता झाड तोडायची परवानगी मिळाली तर तोडणाऱ्याला त्या झाडाच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात. तीस वर्षांचं झाड गेलं तर तीस. गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत जुने बंगले पाडून इमारती उभ्या राहताहेत. त्या बिल्डरकडे झाडं लावण्याचं बंधन आहे, पण जागा नाही आणि जगवणारा माणूस तर नाहीच. तुमच्याकडे दोन्ही आहे. परवानगीच्या कागदात जागा बदलून देता येते का, हे वृक्ष अधिकाऱ्यांना विचारूनच पुढे जायचं. तोंडी सौद्यात पडायचं नाही. पण रोपं, मोठी आणि चांगली रोपं, त्यांच्या खर्चाने येऊ शकतात.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांचंही असंच. कंपनी कायदा २०१३ नुसार ठरावीक नफ्याच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात आणि पर्यावरण त्यात बसतं. मंडळं तिथे जाऊन रोपं मागतात. रोपं देऊन कंपनी मोकळी होते, तिचाही फोटो निघतो. रोपं मागूच नका. दोन उन्हाळ्यांच्या टँकरचं बिल मागा. ठिबकची नळी मागा. नळीवरून आठवलं, जिल्ह्यातले द्राक्षबागायतदार बाग काढताना किंवा नव्याने लावताना जुन्या ठिबकच्या नळ्या बाजूला टाकतात. तुमच्यातल्या निम्म्या कार्यकर्त्यांचे मामा-काका निफाड-दिंडोरीकडे बागा राखून आहेत. एक फोन करून बघा.

आता फुकटाची दुसरी बाजू. 'फुकट ते पौष्टिक' हे आपल्याकडे फार चालतं, पण झाडांच्या बाबतीत ते साफ खोटं. फुकट वाटपात जे सगळ्यात जास्त उरतं ते बहुधा लवकर वाढणारं आणि निगा न मागणारं असतं : गिरिपुष्प, सुबाभूळ, पेल्टोफोरम, रेन ट्री, गुलमोहर. गुलमोहर मे महिन्यात देखणा दिसतो हे मलाही मान्य आहे. पण मूळचा मादागास्करचा आहे, मुळं वरवर पसरतात आणि वळवाच्या वाऱ्यात फांद्या गाड्यांवर येतात. कोनोकार्पस तर कुणी पैसे देऊन दिला तरी घेऊ नका. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवरच बंदी घातली. सप्तपर्णी आपलीच आहे, पण रस्त्याकडेला इतकी लावून झाली की दिवाळीच्या आसपास तिच्या उग्र वासाने लोक खिडक्या लावून बसतात. अजून नको.

तुम्हाला काय हवं ते आधी ठरवा. शहरात वर्षाकाठी साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. इगतपुरीला तीन हजारांच्या वर पडतो. तेव्हा इगतपुरीच्या रानातलं देखणं झाड इंदिरानगरच्या मुरमात जगेलच असं नाही. कडुनिंब, करंज, बहावा, चिंच, आपटा, शिरीष, बेल, सीताफळ ही कोरड्यात तग धरणारी. नासर्डी आणि वाघाडीच्या काठी अर्जुन, उंबर, जांभूळ. वड-पिंपळ फक्त मोठ्या मोकळ्या जागेत, सोसायटीच्या भिंतीपासून आणि ड्रेनेजपासून लांब. आणि रोप निवडताना उंची बघू नका, बुंधा बघा. पाच फुटी काठीसारखं रोप पहिल्या वाऱ्यात वाकतं. दोन फुटी पण अंगठ्याएवढ्या बुंध्याचं रोप दोन वर्षांत त्याला मागे टाकतं. पिशवीच्या तळातून मुळं बाहेर येऊन जमिनीत शिरली असतील तर ते रोप उपटून दिलं जातं आणि मुळं तिथेच तुटतात. असं रोप फुकट असलं तरी परत ठेवा.

हे झालं या वर्षापुरतं. पुढच्या वर्षासाठी मात्र मला तुमच्याकडून अर्ज नको, बी गोळा केलेलं हवं आहे.

मी गच्चीवर रोपं करतो, म्हणून हे अधिकाराने सांगतो. शहरातल्या शहरात, रस्त्यावर पडलेलं बी झाडून कचऱ्यात जातं, ते जरी उचललं तरी प्रत्येक मंडळाला पुरून उरेल. आत्ता या दिवसांत बहाव्याच्या हातभर काळ्या शेंगा झाडावर लटकताहेत. आपट्याच्या शेंगा अजून आहेत. चिंचा झोडून झाल्या, चिंचोके घराघरांत पडले आहेत. पुढच्या दोन महिन्यांत करंजाच्या शेंगा आणि पिकलेली बेलफळं येतील. मे-जूनमध्ये शमी आणि पळस. जून उजाडला की जांभूळ आणि निंबोळ्या, मग आंब्याच्या कोयी आहेतच, त्यासाठी तर फक्त पोटभर खायचं.

प्रत्येक बियाची तऱ्हा वेगळी. बहाव्याचं बी इतकं कठीण की नुसतं पेरलं तर महिनोन् महिने पडून राहतं. शेंग फोडायची, चिकट काळा गर धुऊन टाकायचा, बी फरशीवर किंवा पॉलिश पेपरवर थोडं घासायचं, पाणी उकळून खाली उतरवायचं, त्यात बी टाकून रात्रभर ठेवायचं. सकाळी जी फुगली ती पेरायची, उरलेली पुन्हा घासायची. चिंचोके रात्रभर भिजवले तरी पुरे. बेलाचं बी गरातून काढून धुऊन लगेच पेरायचं. करंजाला काहीच लागत नाही, शेंग सोलली की पेरा. निंबोळीचं उलटं : तिला थांबणं माहीत नाही. गर काढून सावलीत वाळवली आणि दोन आठवड्यांत पेरली तर उगवते, दिवाळीपर्यंत डब्यात ठेवली तर मेलेली असते. जांभूळही तसंच, खाल्ल्याबरोबर दोन-चार दिवसांत मातीत. एकाच बियातून दोन-तीन कोंब आले तर घाबरू नका, जांभळाची ती रीतच आहे. जोमदार एक ठेवा.

वड लावायला तर बीही नको. पावसाच्या तोंडावर मनगटाएवढी फांदी, अर्थात छाटणीत निघालेली, खोल रोवली की फुटते. पांगारा आणि शेवग्याचंही तेच. आणि जुन्या नाशकात, भद्रकालीत, तिवंधा चौकाच्या गल्ल्यांत पडक्या वाड्यांच्या भिंतींवर पिंपळ आणि उंबर उगवलेले असतात. मालक ते तोडायला माणूस शोधत असतो. पावसात भिंत ओली असताना बोटभर रोप मुळासकट सुटतं. पिशवीत लावा, सावलीत महिनाभर ठेवा. वाड्याची भिंत वाचते आणि तुम्हाला पिंपळ मिळतो. मोठ्या कडुनिंबाखाली आणि जांभळाखाली जुलैत पाऊल ठेवायला जागा नसते इतकी रोपं उगवतात. ती सगळी तिथेच सावलीत मरणार असतात, दोन-चार पानांची असताना खुरप्याने मातीसकट उचला.

पिशव्या विकत आणू नका. दुधाच्या पिशव्या धुऊन, तळाला चार भोकं पाडून चालतात. पण त्यात रोप सहा महिन्यांच्या वर ठेवू नका, मुळं तळाशी गोल फिरायला लागतात. मग तेलाच्या मोठ्या पिशवीत हलवा. माती दोन भाग, शेणखत एक, वाळू एक. शेणखत नसेल तर मागच्या वर्षीच्या निर्माल्याचं कुजलेलं खत. मंडळाने एवढ्या गच्च्या गोळा करायच्या : प्रत्येक कार्यकर्त्याच्या घरी वीस पिशव्या. कुणाच्या आईकडे, कुणाच्या आजीकडे. त्या पाणी घालतात, आपण उगाच श्रेय घेतो, पण ते असू द्या.

आत्ता पेरलेलं पुढच्या पावसाळ्यात, म्हणजे २०२७ च्या सिंहस्थाच्या पावसाळ्यात लावण्याजोगं होईल. तपोवनात साधुग्रामसाठी झाडं तोडण्याच्या प्रस्तावावरून २०२५ च्या अखेरीस शहर कसं रस्त्यावर उतरलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. तुमच्यातले कितीतरी जण तिथे होते. त्या वादात कोण बरोबर ते मी इथे उगाळत नाही. पण एक गोष्ट खटकली. झाडं हवीत म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना पहिल्यांदा आंध्र आठवतो. राजमहेंद्रीजवळचं कडियम हे नर्सऱ्यांचं मोठं गाव, देशभर तिथून झाडांचे ट्रक जातात. तेही गोदावरीच्याच काठचं. नदी त्र्यंबकला उगम पावून आपल्या दारावरून जाते, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला वाढलेली झाडं आपण डिझेल जाळून इकडे आणायची! आपल्या मातीतलं बी आपल्या पायाखाली तुडवत. सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर २०१५ पासून नाशिककरांनीच देवराई उभी केली आहे, देशी झाडांची. एखाद्या रविवारी कार्यकर्त्यांना तिथे घेऊन जा. उघड्या टेकडीवर काय वाढतं आणि किती दिवसांत, हे भाषणापेक्षा तिथे लवकर समजतं.

मंडळांनाच हे पत्र का, असं कुणी विचारेल. शहरात झाडं लावणाऱ्या संस्था आहेत, शाळा आहेत, सोसायट्या आहेत. पण वर्गणी, माणसं, टेम्पोवाला मित्र, आणि वॉर्डातल्या प्रत्येक दारात ओळख, हे चारही एका जागी फक्त तुमच्याकडे असतं. शिवाय तुमच्या देवालाच झाडं लागतात. गणपतीच्या एकवीस पत्रींमध्ये बेल आहे, शमी आहे, अर्जुन, पिंपळ, बोर, डाळिंब, हादगा आहे. चतुर्थीच्या आदल्या दिवशी रविवार कारंज्यावर पत्रीच्या जुड्या विकत घेता, त्यात काय-काय बांधलेलं असतं ते बघा एकदा. आणि दसऱ्याला आपटा म्हणून कांचनाच्या फांद्या ओरबाडून विकल्या जातात. वॉर्डात चार आपटे आणि एक शमी मंडळाच्या नावाने उभे असतील तर पानं मोजून, न ओरबाडता घेता येतील. हा माझा जरा लाडका विषय आहे, लांबलं असेल तर माफ करा.

कुंपणाचं सांगून थांबतो. लोखंडी जाळी रोपाच्या कितीतरी पट महाग पडते, आणि भंगारात जातेही लवकर. मांडव उतरवताना मोडके बांबू, वासे, सुतळी, फाटलेली हिरवी नेट असा ढीग मांडववाला टाकून जातो किंवा फुकापासरी देतो. तीन बांबू रोवून त्याला नेट गुंडाळली की शेळीपासून रोप एक वर्ष वाचतं. म्हणून मागच्या उत्सवाचं मोडकं सामान कुठल्या गोदामात पडलं आहे ते आत्ताच बघून ठेवा. खड्डे मे महिन्यात, दोन फूट लांब-रुंद-खोल, म्हणजे मुरूम उन्हात तापून मोकळा होतो. लावणी पहिल्या पावसाला नको, दोन-तीन दमदार पाऊस होऊन माती खोलवर भिजू द्या. वर महावितरणची तार, खाली पाण्याची, ड्रेनेजची किंवा गॅसची पाइपलाइन नाही ना, हे खणण्याआधी विचारा. गेल्या काही वर्षांत शहरात जेवढे रस्ते उकरले गेले त्यात किती कोवळी झाडं गेली याची मोजदाद कुणी केलेली नाही.

आकड्यांचा नाद सोडा, ही शेवटची विनंती. २०१६ साली राज्यात दोन कोटी वृक्षांचं लक्ष्य होतं, पुढे चार, तेरा आणि २०१९ ला तेहतीस कोटी. त्या धामधुमीत खड्डे मोजायची सवय सगळ्यांनाच लागली, मंडळांनाही. तुमचं मंडळ यंदा अकरा झाडं लावतं आणि तिसऱ्या उन्हाळ्यानंतर त्यातली दहा उभी असतात, तर एकशे अकरांचा बॅनर लावणाऱ्या शेजारच्या मंडळाला खुशाल हसा. खजिनदारांनी वार्षिक हिशेबात 'वृक्षारोपण' हे कलम काढून तिथे 'झाडांचं पाणी : मार्च ते मे' असं कलम घालावं आणि ते तीन वर्षं तसंच चालू ठेवावं.

आपला,
पंचवटीतला एक वर्गणीदार

ता. क. बहाव्याच्या शेंगा गोळा करताना झाडावर दगड मारू नका, लांब काठीला आकडा लावा. आणि गर काढायला जुने कपडे घालून बसा. त्या काळ्या चिकट्याचा डाग जात नाही.